चीनचे सौर कृषिपंचांग आणि वसंतातील कीटजागृती

शेतीच्या यशापयशात बी, खत आणि पाणी यांच्याइतकाच वेळेचाही वाटा असतो. बियाणे उत्तम असले, मशागत नीट झाली असली, तरी पेरणीची वेळ चुकल्यास त्या हंगामाचे श्रम बव्हंशी वाया जातात. म्हणूनच जेथे जेथे शेती स्थिरावली, तेथे तेथे शेतकऱ्याने आकाशाकडे पाहून आपल्या कामांच्या वेळा बांधून घेतल्या. या दृष्टीने चीनमधील शेतकऱ्यांनी दोन हजारांहून अधिक वर्षे सांभाळलेली चोवीस सौरपर्वांची पद्धती विशेष अभ्यासनीय आहे. २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. परंतु ती केवळ वारशाची वस्तू नव्हे. चीनमधील दिनदर्शिकांत ही पर्वे आजही छापली जातात व शेतीच्या सल्ल्यांत त्यांचा उल्लेख नित्य होतो.

या चोवीस पर्वांपैकी तिसऱ्याचे नाव ‘जिंगझे’ असे आहे. ‘झे’ म्हणजे थंडीत जमिनीखाली दडून बसलेले जीव आणि ‘जिंग’ म्हणजे दचकून जागे होणे. दरवर्षी ५ मार्चच्या सुमारास हे पर्व येते. वसंतातील पहिल्या मेघगर्जनेने भूमीतील कीटक जागे होतात, अशी त्यामागील लोकसमजूत आहे. ही पद्धती कशी बसविली गेली, तिच्यातील कोणता भाग सर्वत्र खरा ठरतो आणि कोठे शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचीच साक्ष काढावी लागते, याचा विचार या लेखात केला आहे.

चंद्राचे महिने आणि सूर्याची पर्वे

चीनमधील पारंपरिक महिने आपल्या महिन्यांप्रमाणेच चांद्र आहेत. अमावास्येस महिना सुरू होतो आणि बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते. सूर्याचे वर्ष मात्र ३६५ दिवसांहून थोडे अधिक असते. हा सुमारे ११ दिवसांचा फरक भरून काढण्यासाठी अधूनमधून तेरावा महिना घालावा लागतो. आपणही अधिकमास घालतो. त्यामुळे सण ठीक ऋतूत राहतात, पण महिन्याची अमुक तारीख आणि ऋतूची अमुक अवस्था यांचा मेळ मात्र दरवर्षी बदलत राहतो. जिंगझे पर्व चांद्रमासाच्या कोणत्या दिवशी आले, हे पाहिल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल :

२०२३ : ६ मार्च, चिनी दुसऱ्या महिन्याचा १५ वा दिवस.
२०२४ : ५ मार्च, पहिल्या महिन्याचा २५ वा दिवस.
२०२५ : ५ मार्च, दुसऱ्या महिन्याचा ६ वा दिवस.
२०२६ : ५ मार्च; पहिल्या महिन्याचा १७ वा दिवस.

सूर्याच्या हिशेबाने हे पर्व एका दिवसाहून अधिक हलत नाही. चंद्राच्या हिशेबाने मात्र त्यात जवळजवळ चार आठवड्यांचा फरक पडतो. पेरणीच्या कामात चार आठवड्यांची चूक म्हणजे पीक येणे किंवा न येणे, एवढी मोठी गोष्ट होय. पिकाची वाढ ऊन, उष्णता आणि दिवसाची लांबी यांवर अवलंबून असते व या तिन्ही गोष्टी सूर्याकडून येतात. हे ओळखून चिनी ज्योतिर्विदांनी सणवारांसाठी चंद्र आणि शेतासाठी सूर्य अशी दुहेरी योजना एकाच पंचांगात बसविली.

या दोहोंना जोडणारा नियमही आपल्या परिचयाचा आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही, तो आपल्याकडे अधिकमास ठरतो. चीनमध्ये चोवीसपैकी एकाआड एक अशी बारा मुख्य पर्वे मानलेली असून, ज्या चांद्रमासात त्यांतील एकही पडत नाही तो सामान्यतः अधिक धरला जातो. तत्त्व एकच आहे. फक्त संक्रांतींचे स्थान निराळे धरल्याने अधिकमास निरनिराळ्या वेळी येतात. २०२३ मध्ये चीनमध्ये दुसरा महिना अधिक होता, तर आपल्याकडे श्रावण अधिक होता.

पर्वांची मोजणी कशी करतात ?

पृथ्वीवरून पाहताना सूर्य वर्षभरात आकाशात एक पूर्ण फेरी करतो असे दिसते. या वर्तुळाचे ३६० अंश धरून दर १५ अंशांवर एक खूण केली की चोवीस खुणा होतात. वसंतसंपाताच्या दिवशी सूर्य शून्य अंशावर असतो. तेथून मोजल्यास जिंगझेच्या क्षणी तो ३४५ अंशांवर असतो. चिनी भाषेत अशा खुणेला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ बांबूचे पेर असा असून सणालाही तोच शब्द वापरतात. आपल्या ‘पर्व’ या शब्दालाही पेर आणि सण हे दोन्ही अर्थ असल्याने येथे ‘सौरपर्व’ हा शब्द योजिला आहे.

प्रारंभीच्या काळी ही मोजणी छायेवरून होत असे. सपाट जागी एक उभी काठी रोवून माध्यान्हीची सावली रोज मोजली, तर ती ज्या दिवशी सर्वांत लांब पडते तो उत्तरायणाचा आरंभ आणि ज्या दिवशी सर्वांत आखूड पडते तो दक्षिणायनाचा आरंभ होय. चीनच्या होनान प्रांतातील डंगफंग येथे गुओ शौजिंग या ज्योतिर्विदाने १२७६ ते १२७९ या काळात याच कामासाठी विटांचा उंच मनोरा उभारला. त्याच्या पायथ्याशी सावली मोजण्यासाठी सुमारे ३१ मीटर लांबीची दगडी पट्टी जमिनीवर बसविली असून ती आजही पाहावयास मिळते. अशा वेधांच्या आधारे तयार झालेल्या व १२८१ पासून लागू झालेल्या पंचांगात वर्षाचे मान ३६५.२४२५ दिवस धरले होते. आज आपण वापरतो त्या इंग्रजी दिनदर्शिकेचे सरासरी वर्षही एवढेच आहे. ती मात्र त्यानंतर तीनशे वर्षांनी, १५८२ साली आली.

चोवीसही पर्वांची संपूर्ण यादी इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ‘ह्वाइनानझ’ या ग्रंथात आढळते आणि इ.स.पू. १०४ मध्ये हान सम्राट वू याच्या कारकीर्दीत झालेल्या पंचांगसुधारणेत त्यांना राजमान्य स्थान मिळाले. त्या काळी वर्षाचे चोवीस समान कालखंड पाडीत असत. १६४५ पासून समान दिवसांऐवजी समान अंश धरण्याची पद्धत सुरू झाली. जानेवारीच्या प्रारंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते व तिची गती अधिक असते; म्हणून हिवाळ्यातील दोन पर्वांमधील अंतर १५ दिवसांहून थोडे कमी, तर उन्हाळ्यातील थोडे अधिक पडते.

चोवीस पर्वांची नावे मराठी अर्थासह पुढे दिली आहेत. तारखा एखाद्या दिवसाने मागेपुढे होऊ शकतात.

वसंत : वसंतारंभ (४ फेब्रुवारी), पर्जन्यजल (१९ फेब्रुवारी), कीटजागृती (५ मार्च), वसंतसंपात (२० मार्च), निर्मलप्रकाश (५ एप्रिल), धान्यवृष्टी (२० एप्रिल).

उन्हाळा : ग्रीष्मारंभ (५ मे), अल्पभरण (२१ मे), कुसळधान्य (५ जून), ग्रीष्मपरमावधी (२१ जून), लहान उष्मा (७ जुलै), मोठा उष्मा (२३ जुलै).

शरद : शरदारंभ (७ ऑगस्ट), उष्मासमाप्ती (२३ ऑगस्ट), शुभ्र दव (७ सप्टेंबर), शरदसंपात (२३ सप्टेंबर), थंड दव (८ ऑक्टोबर), हिमतुषार (२३ ऑक्टोबर).

हिवाळा : शिशिरारंभ (७ नोव्हेंबर), लहान हिम (२२ नोव्हेंबर), मोठे हिम (७ डिसेंबर), शिशिरपरमावधी (२१ डिसेंबर), लहान थंडी (५ जानेवारी), मोठी थंडी (२० जानेवारी).

या यादीकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. काही नावे सूर्याच्या स्थितीची, काही उष्णतेची आणि काही पाऊस, दव व हिम यांची आहेत. ‘अल्पभरण’ म्हणजे गव्हाच्या दाण्यात दूध भरू लागणे आणि ‘कुसळधान्य’ म्हणजे कुसळे असलेले धान्य कापणीस येणे. ही नावे सरळ शेतातून उचललेली आहेत. प्राणिसृष्टीवरून पडलेले नाव मात्र एकच आहे व ते म्हणजे कीटजागृती.

वसंतातील सहा पर्वे व शेतीची कामे

ही पद्धती पीत नदीच्या मधल्या व खालच्या खोऱ्यात आकारास आली. तेथील हिवाळी गहू शरदात पेरला जातो, हिमाखाली थंडीभर निपचित राहतो आणि वसंतात पुन्हा वाढीस लागतो. वसंताची सहा पर्वे म्हणजे या गव्हाच्या वाढीच्या पायऱ्याच होत.

‘लीछुन’ अर्थात वसंतारंभी शेतात फारसे काम नसते. पूर्वी या दिवशी मातीचा बैल करून त्याला छडीने हाकण्याचा विधी गावोगाव होत असे. आता आळस पुरे, औत जुंपण्याची वेळ जवळ आली, अशी ती जाहीर सूचनाच होती. चजियांग प्रांतातील छूजोऊ येथे वसंतारंभाचा उत्सव आजही होतो. या पर्वात अवजारांची दुरुस्ती, बियाण्याची निवड आणि खताची वाहतूक उरकून घेतात. ‘यूश्वेइ’ अर्थात पर्जन्यजल या पर्वात हिमाऐवजी पाऊस पडू लागतो व दक्षिणेकडील गहू हिरवा होऊ लागतो.

जिंगझेपासून मात्र शेतकऱ्यास उसंत नसते. या पर्वापासून हातातील खुरपे खाली ठेवू नये, अशा अर्थाची एक चिनी म्हण आहे. उत्तरेकडील मैदानात या सुमारास गोठलेली जमीन वरून सुटू लागते. थंडीत साठलेली ओल केशाकर्षणाने पृष्ठभागाकडे चढते आणि वसंतातील कोरडे, जोराचे वारे ती उडवून नेतात. उत्तर चीनमध्ये वसंतात पाऊस अत्यल्प असतो. म्हणून ही ओल गमावणे म्हणजे पुढील पेरणीची उगवण गमावणे होय. यावर उपाय म्हणून या दिवसांत जमीन हलक्या हाताने कुळवतात. वरचा पातळ थर भुसभुशीत झाला की खालून वर येणाऱ्या ओलीच्या सूक्ष्म नळ्या तुटतात व कोरड्या मातीचे आच्छादन तयार होते. जिंगझेच्या वेळी न कुळवणे म्हणजे कणकेचे उंडे उकडताना भांड्यातील वाफ निघून जाऊ देणे, असा एका म्हणीचा आशय आहे. कोरडवाहू शेतीत ओल टिकविण्यासाठी कुळव चालविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास ही उपमा तत्काळ पटेल. हिरव्या होऊ लागलेल्या गव्हाला पाणी व नत्राचा वरहप्ता देण्याचे कामही याच सुमारास सुरू होते.

‘छुन्फेन’ म्हणजे वसंतसंपात. या दिवशी दिवस आणि रात्र जवळजवळ समान होतात. ‘छिंगमिंग’ अर्थात निर्मलप्रकाश हे पर्व पितरांच्या स्मरणाचे असून त्या दिवशी लोक कबरी स्वच्छ करतात. शेतात मात्र गहू कांडी धरतो आणि काकडीवर्गीय फळभाज्या व कडधान्ये टोकण्याचे काम चालते. दक्षिणेकडील चहाच्या मळ्यांत या पर्वापूर्वी खुडलेल्या कोवळ्या पानांना सर्वांत अधिक भाव मिळतो. शेवटचे ‘गूयू’ अर्थात धान्यवृष्टी हे उत्तरेकडील कापूसपेरणीचे पर्व होय. तोपर्यंत रात्रीच्या हिमतुषाराची भीती बहुतेक सरलेली असते.

कीटक खरोखर केव्हा जागे होतात ?

मेघगर्जनेने कीटक जागे होतात ही समजूत निरीक्षणातून जन्मली असली, तरी तिच्यातील कार्यकारणभाव बरोबर नाही. वसंतात दक्षिणेकडून उष्ण व दमट वारे येतात. थंड हवेशी त्यांची गाठ पडली की गडगडाट होतो आणि त्याच उबदारपणाने जमीनही तापते. मेघगर्जना व कीटकांची हालचाल ही एकाच कारणाची दोन फळे आहेत. यांगत्से नदीच्या खोऱ्यात जिंगझेच्या सुमारास वीज कडाडू लागते. उत्तरेस पीकिंगकडे मात्र पहिली गर्जना सामान्यतः एप्रिलच्या उत्तरार्धात ऐकू येते, पण म्हणून तेथील कीटक तोपर्यंत निजून राहत नाहीत.

कीटकांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या हवेप्रमाणे व मातीप्रमाणे बदलते. प्रत्येक जातीसाठी एक किमान तापमान ठरलेले असते व त्याखाली तिची वाढ थांबते. अनेक जातींत हे मान १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. या मानाहून दिवसाचे सरासरी तापमान जितके अंश अधिक, तितके ‘अंश-दिवस’ त्या दिवशी जमा झाले असे धरतात. उदाहरणार्थ, किमान मान १० अंश असून दिवसाची सरासरी १६ अंश असेल, तर ६ अंश-दिवस जमा होतात. ठराविक बेरीज पूर्ण झाली की अंड्यातून अळी किंवा कोशातून पतंग बाहेर पडतो. वसंत उबदार असेल तर ही बेरीज लवकर भरते, थंड असेल तर उशिरा भरते. कीड केव्हा दिसू लागेल याचा आगाऊ अंदाज देण्यासाठी ही रीत आज जगभर वापरली जाते. काही जातींत दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो. अशा जाती शरदात दिवस आखूड होऊ लागताच सुप्तावस्थेत जातात, आणि मध्येच चार दिवस ऊब आली तरी जाग्या होत नाहीत.

आणखी एक गोष्ट जुन्या पंचांगकर्त्यांस ठाऊक असणे शक्य नव्हते. पिकांचे काही मोठे शत्रू त्या भूमीत निजलेलेच नसतात. गहू व मका खाणाऱ्या लष्करी अळीचे पतंग उत्तर चीनच्या कडक थंडीत तग धरीत नाहीत. ते दरवर्षी वसंतात दक्षिणेकडून वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर उडत येतात. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी चिनी शास्त्रज्ञांनी खुणा केलेले पतंग सोडून व ते दूरवर पुन्हा पकडून ही गोष्ट सिद्ध केली. भातावरील तपकिरी तुडतुडेही अशाच रीतीने दक्षिणेकडील उष्ण प्रदेशांतून येतात. अशा किडींसाठी पायाखालची जमीन पाहून भागत नाही. रात्रीचे प्रकाशसापळे लावून आकाशातून कोण उतरले याची नोंद घ्यावी लागते.

जिंगझेच्या दिवशी घराच्या उंबऱ्याबाहेर चुन्याची भुकटी पसरून मुंग्या व किडे दूर ठेवण्याची जुनी चाल चीनमध्ये होती. तिचा उपयोग कितपत होई हा प्रश्न वेगळा. तथापि कीड वाढल्यावर धावपळ करण्याऐवजी ती बाहेर पडण्याच्या वेळीच सावध व्हावे, हा तिच्यातील विचार आजच्या पीकसंरक्षणशास्त्राशी जुळणारा आहे.

एक पंचांग, अनेक प्रदेश

सौरपर्वे संपूर्ण चीनमध्ये एकाच क्षणी लागतात, परंतु वसंत सर्वत्र एकाच दिवशी येत नाही. लीछुनला दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतात झाडे फुललेली असतात, तर ईशान्येकडील हार्बिनला नद्या गोठलेल्या असतात. सलग पाच दिवसांचे सरासरी तापमान १० अंशांवर स्थिरावले की वसंत लागला, असा निकष चीनमधील हवामानशास्त्रज्ञ मानतात. या निकषाने पीकिंगला वसंत मार्चअखेर किंवा एप्रिलच्या प्रारंभी लागतो. म्हणजे पंचांगातील वसंतारंभानंतर सुमारे आठ आठवड्यांनी. यात पंचांगाची चूक नाही. सूर्य वळला तरी जमीन व हवा तापण्यास वेळ लागतो. दिवस सर्वांत लहान २१ डिसेंबरच्या सुमारास असतो, पण ‘मोठी थंडी’ हे पर्व त्यानंतर महिन्याने ठेवले आहे. यावरून जुन्या निरीक्षकांस हे अंतर ठाऊक होते, हे उघड आहे.

चीनमधील जुन्या कृषिग्रंथकारांनी तारखांवर आंधळा विश्वास ठेवला नाही, ही त्यांची थोरवी होय. सहाव्या शतकातील जिआ सस्ये याने ‘छीमिन याओशू’ या आपल्या ग्रंथात राळ्याच्या पेरणीसाठी उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे तीन काळ सांगितले आहेत. प्रत्येक काळासाठी महिना देऊन त्याने तेथेच थांबणे पसंत केले नाही. मध्यम काळासाठी छिंगमिंग पर्व आणि पीचच्या झाडाला आलेला पहिला फुलोरा, कनिष्ठ काळासाठी बोरवर्गीय झाडाला फुटलेली पालवी, अशा खुणाही त्याने जोडल्या आहेत. तारीख चुकली तरी झाड चुकत नाही, हा त्यामागील अनुभव होय. पुढे १३१३ सालच्या आपल्या कृषिग्रंथात वांग झन याने महिने, चोवीस पर्वे, निसर्गातील बहात्तर खुणा आणि शेतीची कामे एकाच गोल आकृतीत मांडली. परंतु ही आकृती उत्तर व दक्षिण यांच्या मध्यावरील प्रदेशासाठी आहे, आपल्या स्थळाप्रमाणे तीत फेरफार करावा, अशी सूचना देण्यास तो विसरला नाही.

शेतकऱ्यांनीही हा फेरफार आपल्या म्हणींतून केलेला आढळतो. उत्तरेकडील मैदानात गहू पेरण्याची योग्य वेळ शरदसंपाताची, असे सांगणारी म्हण आहे. तीच म्हण दक्षिणेकडे जाताना पर्वाचे नाव बदलते आणि थंड दव, हिमतुषार अशी पुढची पर्वे सांगू लागते. पंचांग तेच, पण शेत बदलले की म्हण बदलली. विसाव्या शतकात जू कजन (१८९०–१९७४) या हवामानशास्त्रज्ञाने या अनुभवाला शास्त्राची बैठक दिली. झाडांचा फुलोरा, पक्ष्यांचे आगमन, बर्फ वितळणे यांच्या तारखा त्याने पीकिंगमध्ये वर्षानुवर्षे स्वतः टिपल्या आणि त्याच्या पुढाकाराने १९६३ मध्ये अशा नोंदी घेणाऱ्या केंद्रांचे जाळे देशभर उभे राहू लागले. अलीकडील दशकांत तापमान वाढल्यामुळे चीनच्या अनेक भागांत वसंतातील फुलोरा पूर्वीपेक्षा लवकर येत आहे. ही गोष्ट अशा दीर्घ नोंदींमुळेच निश्चितपणे सांगता येते.

तारखेवर विसंबून राहण्याचा धोका भाताच्या रोपवाटिकेत विशेष दिसतो. यांगत्से खोऱ्यात लवकरच्या भाताचे बी वसंतसंपात ते छिंगमिंग या काळात टाकतात. याच काळात उत्तरेकडून थंडीची परतलाट येण्याचा संभव असतो. ती आल्यास कोवळी रोपे कुजतात, बी पुन्हा टाकावे लागते आणि पुढील पिकाचीही वेळ चुकते. म्हणून तेथील शेतकऱ्यांस असा सल्ला दिला जातो की, दिवसाचे सरासरी तापमान १२ अंशांवर स्थिर होण्याच्या सुमारास, थंडीची लाट ओसरत असताना बी टाकावे. म्हणजे उगवणीस पुढील उबदार दिवस मिळतात. पर्व पंधरवडा सांगते, पण त्या पंधरवड्यातील दिवस हवामान पाहूनच निवडावा लागतो.

आपली पावसाची नक्षत्रे

हे सर्व वाचताना महाराष्ट्रातील शेतकऱ्यास मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही नावे आठवल्यावाचून राहणार नाहीत. पावसाची नक्षत्रे हीसुद्धा सूर्याचीच पर्वे आहेत. सूर्य एका नक्षत्रात १३ ते १४ दिवस असतो, म्हणून ज्येष्ठाची तिथी कोणतीही असली तरी मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. सणासाठी चंद्र व पेरणीसाठी सूर्य ही वाटणी आपल्या पूर्वजांनीही केली होती.

एक महत्त्वाचा फरक मात्र ध्यानात घ्यावयास हवा. चिनी पर्वे संपातबिंदूपासून मोजली जात असल्याने ती ऋतूंपासून ढळत नाहीत. आपली नक्षत्रे ताऱ्यांपासून मोजली जातात. आणि संपातबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकत असल्याने नक्षत्रांच्या तारखा सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जातात. मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ सुमारे १७०० वर्षांपूर्वी एकाच दिवशी येत असत. आज त्यांत तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. शिवकालातील मृग ऋतुमानाने आजच्यापेक्षा सुमारे पाच दिवस आधी लागत असे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत ऋतूंशी न ढळणारे सौर वर्ष स्वीकारले आहे, ते याच कारणास्तव.

आपल्याकडेही कीटजागृतीचा एक काळ असतो, मात्र तो थंडी सरल्यावर नव्हे, तर वळवाचा पाऊस पडल्यावर येतो. मे-जूनमधील पहिल्या चांगल्या सरीने जमीन भिजली की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात. पुढे त्यांच्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या ऊस, भुईमूग इत्यादी पिकांची मुळे खातात. वर्षात एकच पिढी होत असल्याने या काही संध्याकाळी साऱ्या गावाने मिळून भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर पुढचे मोठे नुकसान टळते. ही वेळ पंचांगात नव्हे, भिजलेल्या जमिनीत व झाडांच्या पाल्यात पाहावी लागते.

पेरणीचेही असेच आहे. मृग लागले म्हणून कोरड्या जमिनीत किंवा एखाद्या सरीवर पेरणी केल्यास, पावसाने ओढ देताच दुबार पेरणीचे संकट ओढवते. त्यात बियाणे जाते, मजुरी जाते आणि कर्जाचा बोजा वाढतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावाचून पेरणी करू नये, हा कृषिखात्याचा सल्ला म्हणूनच मोलाचा आहे.

गावातील कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. गावात किंवा शाळेत एक नोंदवही ठेवावी. तीत पळसाचा पहिला फुलोरा, आंब्याचा मोहोर, पहिला वळीव, भुंगेऱ्यांचे पहिले दर्शन, पेरणीयोग्य पावसाचा दिवस व पहिले दाट धुके यांच्या तारखा दरवर्षी लिहाव्यात. झाडे व जागा दरवर्षी त्याच असाव्यात.

२. तारखा इंग्रजी किंवा राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेप्रमाणे लिहाव्यात. तिथीने केलेल्या नोंदींची एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येत नाही.

३. नोंदीसोबत पर्जन्यमापकातील पाऊस आणि शक्य असल्यास दिवसाचे कमाल व किमान तापमान लिहावे.

४. गावातील वृद्ध शेतकऱ्यांकडून पेरणी, पाऊस व किडी यांविषयीच्या म्हणी संग्रहित कराव्यात आणि त्या आपल्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. ज्या पटतील त्या सांगाव्यात. ज्या पटणार नाहीत त्यांचे कारण शोधावे.

५. किडीचा प्रादुर्भाव दिसल्यावर नव्हे, तर तो होण्याची वेळ जवळ येताच प्रकाशसापळे व कामगंध सापळे लावावेत आणि त्यांतील संख्या नियमितपणे मोजावी.

अशा नोंदी पहिल्या वर्षी फारसे काही सांगणार नाहीत. परंतु दहा-पंधरा वर्षांत गावाचे स्वतःचे कृषिपंचांग त्यांतून तयार होईल आणि बदलत्या हवामानात आपला हंगाम किती सरकला, हेही त्यावरून कळेल.

सारांश, चीनच्या चोवीस सौरपर्वांपासून घेण्यासारखा धडा दुहेरी आहे. शेतीचा काळ सूर्यावरून मोजावा, हा त्याचा पहिला भाग. आणि सूर्याने सांगितलेला काळ आपल्या जमिनीवर, झाडांवर व जिवाणूंपासून भुंगेऱ्यांपर्यंतच्या सृष्टीवर पडताळून मगच बी टाकावे, हा दुसरा. पंचांग शेतकऱ्याला बांधापर्यंत आणून सोडते. त्यापुढे मूठभर माती हातात घेऊन तिची ओल व ऊब पाहणे, हे काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते.